गोंधळ मुलांच्या डोक्यात नाही

‘या मुलांच्या डोक्यातच गोंधळ असतो, मग कागदावर दुसरे काय उतरणार?’ भिवंडीच्या शाळा-महाविद्यालयांतल्या उत्तरपत्रिकांचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी बोलतेच. मुले शहरातल्या नारपोली या यंत्रमाग वस्तीतली असली तर पुरवणीही जोडली जाते. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी. बाप मागावर, आई गोदामात पॅकिंगला. घरात पुस्तक नाही. अशा मुलाच्या परिच्छेदाला शेंडाबुडखा कुठून येणार? उपायही ठरलेला असतो. फळ्यावर ‘म्हणून, परंतु, तसेच, त्याचप्रमाणे, याउलट, एकंदरीत’ अशी यादी लिहायची आणि प्रत्येक परिच्छेदात यांतले तीन-चार शब्द आलेच पाहिजेत असे बजावायचे.

हे निदान चुकीचे आहे आणि औषधही चुकीचे आहे. नारपोलीत संध्याकाळच्या वर्गात मी दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या मुलांना मराठी लिहायला शिकवते. यंत्रमाग कामगारांची मुले, पद्मानगरातली तेलुगूभाषक मुले, खाडीपट्ट्यातल्या गावांतली आगरी मुले, उर्दू शाळेतून आलेल्या मुली एकाच बाकावर बसतात. त्यांचे लेखन विस्कळीत असते, हे मी नाकारत नाही. पण त्याचे खापर मुलांच्या घरावर, बोलीवर आणि बुद्धीवर फोडले जाते, तेव्हा गप्प बसणे मला जमत नाही.

आधी औषधाचा विचार करू. पुढचा उतारा कुणा एका विद्यार्थ्याचा नाही. ‘आमच्या परिसरातील उद्योग’ या विषयावर पदवीच्या पहिल्या वर्षाची मुले जे लिहून आणतात, त्या घडणीवर मी तो बेतला आहे.

‘भिवंडी हे यंत्रमागांचे प्रसिद्ध शहर आहे. तसेच ते ठाणे जिल्ह्यात आहे. त्यामुळे येथे अनेक कामगार राहतात. परंतु १९८२ साली मुंबईत गिरणी कामगारांचा संप झाला. म्हणून वस्त्रोद्योगाला महत्त्व आहे. याशिवाय येथे मोठमोठी गोदामे आहेत. त्याचप्रमाणे प्रदूषणही वाढले आहे. एकंदरीत असे म्हणता येईल की भिवंडीचा विकास होत आहे.’

वाक्ये आठ, जोडशब्द सात. शुद्धलेखनाची चूक नाही, जवळजवळ प्रत्येक विधान सुटेसुटे खरे आहे. फळ्यावरची यादी या मुलाने निष्ठेने वापरली आहे. तरीही हा परिच्छेद झालेला नाही. भिवंडी ठाणे जिल्ह्यात आहे ‘त्यामुळे’ इथे कामगार राहतात का? ‘परंतु’ने कशाला विरोध केला? खिळे भरपूर ठोकले आहेत, फळ्याच आणलेल्या नाहीत.

संपाचे वाक्य तिथे उगाच आलेले नाही, हे मात्र पाहण्यासारखे आहे. त्या मुलाला कुठेतरी जाणवते आहे की संपाचा आणि आपल्या गल्लीतल्या खडखडाटाचा संबंध आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्या बंद पडल्या. गिरण्या थांबल्या तरी लोकांची कापडाची गरज थांबली नव्हती. सुटे माग, कमी मजुरी आणि जिथे संघटना बळकट नव्हती अशी गावे यांच्याकडे काम आधीपासून सरकत होतेच. संपाने तो ओघ वाढवला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांच्या वाढीत त्याचा वाटा आहे. एवढे त्या मुलाला कुणी सांगितले असते, किंवा ज्या आजोबांनी गिरणी सोडून मागावर काम धरले त्यांना जाऊन विचार म्हटले असते, तर ‘परंतु’ आपोआप गळून पडला असता. गोदामांचेही तसेच. मुंबईच्या हद्दीत माल नेला की जकात पडायची, म्हणून माल हद्दीबाहेर, महामार्गालगत साठवला जाऊ लागला. पूर्णा, राहनाळ, दापोडे, काल्हेर या गावांची भातशेते गोदामांखाली गेली. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली, कारण तोवर रस्ते, जागा आणि मनुष्यबळ इथे जमले होते. हे कळल्यावर ‘याशिवाय’ लिहायला हात धजणार नाही. एका गावातली दोन प्रकारची रोजीरोटी, दोन्ही मुंबईच्या दारात उभ्या, दोन्ही मुंबईने बाहेर ठेवलेल्या, असा विचार पुढे येईल आणि परिच्छेद त्याच्याभोवती बसेल. त्या उताऱ्यात माहिती कमी होती आणि कारणे मुळीच नव्हती. ती उणीव शब्दांच्या यादीने भरून निघत नाही.

आता दुसरा उतारा पाहा. हाही मी बेतलेलाच.

‘रात्री आठला पाळी बदलते. बारा तास उभा राहिलेला कारागीर खोलीवर येतो. रात्रपाळीवाला नुकताच उठून गेलेला असतो. त्याच चटईवर हा पडतो. भाडे दोघांत वाटलेले आहे. खिडकीची खोली दोघांनाही हवी आहे. तिचे भाडे दोघांत मावत नाही.’

इथे यादीतला एकही शब्द नाही. तरी एकही वाक्य जागचे हलवता येत नाही. ‘पाळी’तून ‘रात्रपाळीवाला’ निघतो, ‘खोली’तून ‘चटई’, चटई एक म्हणून भाडे दोघांचे. ‘हा’ म्हणजे कोण आणि ‘तिचे’ म्हणजे कशाचे, हे विचारावे लागत नाही. लिहिणाऱ्याला एक गोष्ट दाखवायची आहे आणि तो तिच्यापासून ढळलेला नाही.

वाक्ये शब्दांनी बांधणे आणि अर्थाची संगती साधणे या दोन गोष्टी भाषावैज्ञानिकांनी केव्हाच वेगळ्या केल्या आहेत. मायकल हॅलिडे आणि रुकैया हसन यांचा इंग्रजीतल्या वाक्यबंधांवरचा ग्रंथ १९७६ मध्ये आला. रुकैया हसन यांचा जन्म उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढचा. नारपोलीच्या मागांवर हयात घालवणारे कितीतरी कारागीर त्याच राज्याच्या पूर्वेकडून येतात, हे मी वर्गात आवर्जून सांगते. या दोघांनी वाक्ये एकमेकांना बांधणारे पाच प्रकार सांगितले: सर्वनामांसारखे निर्देश, एका शब्दाच्या जागी दुसरा घालणे, कळत असलेला शब्द गाळणे, जोडशब्द, आणि शब्दांची आपापसातली नाती. आपली फळ्यावरची यादी या पाचांपैकी एकाच प्रकारात संपते. पुढे १९८२ मध्ये पॅट्रिशिया कॅरेल यांनी याच मांडणीला आक्षेप घेतला. वाक्ये बांधली म्हणून मजकूर सुसंगत होत नाही. अर्थाची संगती लेखक आणि वाचक यांच्या जाणत्या जगातून येते, शब्दांचे बंध तिच्या मागून येतात, असे त्यांचे म्हणणे. बंद पडलेल्या मागाजवळचा संवाद ऐका. एक म्हणतो, ‘लाईट गेली.’ दुसरा म्हणतो, ‘चहा सांग.’ दोन्ही वाक्यांत सामाईक शब्द नाही, जोडशब्द नाही. ज्याला माग विजेवर चालतो हे ठाऊक आहे त्याला मात्र अर्थात फट दिसत नाही.

आपल्याकडच्या शास्त्रांनाही हे परके नव्हते. शब्दांपासून अर्थबोध कसा होतो हे सांगताना आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन अटी घातल्या जात. त्यांतली आकांक्षा मला शिकवताना सर्वांत उपयोगी पडते. एक पद ऐकले की दुसऱ्याची अपेक्षा उभी राहते आणि ती पुरी होईपर्यंत ऐकणारा थांबतो. शास्त्रकारांनी ही अट वाक्यापुरती मांडली. मी ती परिच्छेदाला लावते. पहिले वाक्य वाचून वाचकाच्या मनात कोणता प्रश्न उठला आणि दुसऱ्या वाक्याने त्याला काय उत्तर दिले? एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य काय हे ठरवताना उपक्रम आणि उपसंहार जुळतात का ते आधी बघावे, असे मीमांसकांनी सांगून ठेवले आहे. यांतले काहीही जोडशब्दांच्या यादीने साधत नाही.

आणि मराठीत वाक्ये बांधण्याची साधने कितीतरी आहेत. ‘मीही गेलो’ म्हटले की आधी कुणीतरी गेलेले असते. ‘मीच गेलो’ म्हटले की दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहून झालेली असते. एका अक्षराचा शब्दांश मागच्या वाक्याला हात घालून येतो. ‘उठून, तोंड धुऊन, डबा घेऊन निघाला’ यात चार क्रिया एकाच माणसाच्या आहेत हे पुन्हा सांगावे लागत नाही. ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’ या जोड्या आहेत, क्रियापदावरून कर्ता ओळखू येतो म्हणून कर्ता गाळायची मुभा आहे. मुले हे सारे बोलताना बिनचूक वापरतात. शाळेत ‘सुसूत्रता’ या नावाखाली त्यातले काहीच त्यांच्यापुढे येत नाही. येते ते ‘त्याचप्रमाणे’.

आता निदानाकडे वळते. मिसळलेल्या भाषांचा काहीच परिणाम होत नाही असे मी म्हणणार नाही. हिंदी-उर्दूत नपुंसकलिंग नाही, तेलुगूची लिंगव्यवस्था वेगळी. त्यामुळे ‘कापड खराब झाली, तिला परत पाठवली’ अशी वाक्ये येतात, आणि सर्वनामाचे लिंग चुकले की ते कुणाकडे बोट दाखवते हे कळेनासे होते. ही खरी अडचण आहे आणि ती शिकवून दूर करता येते. नामाचे लिंग नीट बसले की सर्वनामे आपापल्या जागी जातात. माझ्या वर्गात हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पण लिंगाची चूक ही लिंगाची चूक आहे, तिच्यावरून विचार विस्कटलेला आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मराठी बोलली जाते, त्या मुलांच्या निबंधांतही वरच्या पहिल्या उताऱ्यासारखे परिच्छेद भरपूर असतात. तिथे लिंग-वचन बरोबर असते, म्हणून त्यांतला पोकळपणा आपल्या डोळ्यांवर येत नाही, एवढेच.

घरची भाषा माणसाला वाकडा विचार करायला लावते, ही कल्पना विद्वानांच्या जगातही फिरून गेली आहे. १९६६ मध्ये रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी अभ्यासकाने परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध वाचून आकृत्या काढल्या. इंग्रजी विचाराला सरळ रेघ दिली, पौर्वात्य विचाराला आत आत वळत जाणारे वेटोळे. त्यावर रान उठले. यमुना काचरू यांच्यासारख्या हिंदीच्या जाणकारांनी भारतीय लेखनाच्या अंगाने त्या मांडणीची झाडाझडती घेतली. १९८७ मध्ये खुद्द कॅप्लन यांनीच आपण जास्त ताणले असे मान्य केले. नारपोलीच्या मुलांविषयी मात्र तेच वेटोळे आपण आजही काढतो आहोत, तेही एखाद्या मुलाला दोन मिनिटे बोलते न करता.

विद्यार्थ्याने लिहिलेल्या मराठी निबंधाचे सर्वांत मोठे उदाहरण मला द्यायचे आहे. ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. मातंग वस्तीतली मुलगी. तिच्या घरात पुस्तक नव्हतेच, शिवाय पुस्तकाला शिवण्याची मनाईही होती. मराठी गद्यात तेव्हा विरामचिन्हेही नुकती रुळत होती. मेजर कँडी यांची त्यांवरची पुस्तिका १८५० ची.

त्या निबंधातला युक्तिवाद माझ्या शब्दांत सांगते. वेद आमचेच, इतरांनी ते पाहूही नयेत, असे ब्राह्मण सांगतात. ज्यांना धर्मग्रंथ पाहायची मुभा नाही त्यांना धर्मग्रंथ नाही. धर्मग्रंथ नाही तर त्याप्रमाणे चालायचा धर्मही नाही. मग आम्ही धर्माविना आहोत. इथवर आल्यावर ती देवालाच विचारते: आमचा धर्म कोणता ते सांग, म्हणजे आम्ही तसे वागू. प्रतिपक्षाचे विधान त्याच्याच शब्दांत घ्यायचे, एकेक पायरी चढत त्याचा निष्कर्ष त्याच्यापुढे ठेवायचा, आणि तिथून थेट भोगलेल्या दुःखाकडे यायचे: पेशवाईतले अत्याचार, इमारतींच्या पायांत पुरलेली माणसे, छपराविना बाळंत होणाऱ्या बायका. शेवटी आपल्याच लोकांना शिका म्हणून सांगायचे. यातला कुठलाही टप्पा आधीच्याशिवाय उभा राहत नाही. ती हे लिहू शकली, कारण तिला कुणाला तरी काहीतरी पटवायचे होते आणि ऐकणारे कोण आहेत हे तिला नेमके माहीत होते. तिच्या शिक्षकांनी तिला बोलू दिले होते.

ज्या फुल्यांच्या शाळेत ती शिकली, त्यांच्या मराठीलाही हेच ऐकावे लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यातून फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली गेली. चिपळूणकरांच्या गद्याचा मराठीवरचा उपकार मोठा आहे, तो मी मानते. पण व्याकरण चुकले म्हणजे विचार चुकला ही वाट त्यांनी रुळवली आणि आपण अजून तिच्यावरून चालतो आहोत. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभीच्या ओळी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना पाठ असतात. त्या एकदा बांधणीसाठी वाचा. विद्या, मती, नीती, गती, वित्त. एका ओळीत जे गेले त्याच्या अभावाने पुढच्या ओळीतले जाते, आणि अखेरीस सारा अनर्थ पहिल्या कारणाशी परत नेऊन ठेवलेला आहे. कारणांची इतकी घट्ट साखळी मराठीत दुसरी दाखवणे अवघड आहे. भाषा बिघडवणारा म्हणून ज्याला हिणवले त्याने ती घडवली.

मग मुलांचे लेखन विस्कटते कशाने? माझे उत्तर असे की तसेच लिहायला आपण त्यांना शिकवले आहे. कोणत्याही अपेक्षित प्रश्नसंचातले ‘पाण्याचे महत्त्व’ किंवा ‘स्वच्छतेचे महत्त्व’ यावरचे उत्तर घ्या. वाक्यांच्या पट्ट्या कापा, मिसळा, हाताला येतील तशा पुन्हा मांडा. काही बिघडत नाही. पाणी जीवन आहे, पाण्याची बचत करावी, प्रदूषण टाळावे, पाण्याशिवाय शेती होत नाही: कोणतेही वाक्य कुठेही चालते, कारण कोणतेही दुसऱ्यावर टेकलेले नाही. हेच उत्तर मुलांसमोर नमुना म्हणून ठेवले जाते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. ‘मुद्देसूद लिहा, मुद्द्याखाली रेघ मारा, तपासणारा मुद्दे मोजतो’ हा सल्ला मुले प्राथमिक शाळेपासून ऐकतात आणि तो खरा असल्याचा अनुभवही घेतात. पाच गुणांना पाच मुद्दे. मुद्द्या-मुद्द्यांमधल्या जागेला गुण नसतात, आणि सुसूत्रता राहते ती नेमकी त्या जागेत.

दहावीला २०१८-१९ पासून प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. घोकंपट्टी मोडावी हा तिचा हेतू होता आणि तो मला मनापासून पटतो. पण व्यवहारात चौकटी भरा, आकृतिबंध पूर्ण करा, ओघतक्ता तयार करा, अशा कृतींत मुलगा दोन-दोन शब्द लिहीत जातो. ‘स्वमत’ हा भाग तरी मुलाने स्वतः विचार करावा म्हणून होता. बाजारात त्याचीही तयार उत्तरे आली. दुसऱ्याने लिहिलेले स्वमत पाठ करून मुलगी परीक्षेला बसते, तेव्हा तिच्या लेखनात तिचा विचार कसा सापडणार? पदवीला राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार क्षेत्रीय प्रकल्प आले आहेत. नारपोलीसारख्या ठिकाणी ही सोन्यासारखी संधी. गल्लीत यंत्रमाग, रस्त्यापलीकडे गोदाम, मधे कामगारांना जेवू घालणाऱ्या बिस्स्या. तिथेही मुले ‘प्रस्तावना, उद्दिष्टे, महत्त्व, निष्कर्ष’ ही मथळ्यांची चळत मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवतात, कारण मथळे पूर्ण असले की प्रकल्प पूर्ण धरला जातो. आता मोबाइलवरचे यंत्र क्षणात पाने भरून देते, जोडशब्दांनी नटलेली. त्याने मुले बिघडली म्हणून ओरडण्याआधी आपण इतकी वर्षे ज्याला गुण देत होतो तो मजकूर यापेक्षा वेगळा होता का, हे बघायला हवे.

हीच मुले बोलतात तेव्हा ऐका. बारावीतली मुलगी तेलुगू आजीचे दुखणे हिंदीत डॉक्टरला सांगते: आधी काय झाले, मग कोणती गोळी घेतली, तिने काय बिघडले, म्हणून ती बंद केली, आणि आता नवे काय. डॉक्टरने मधेच काही विचारले की त्याला तेवढेच उत्तर देऊन ती पुन्हा धाग्यावर येते. मग आजीला तेलुगूत तेच, पण वेगळ्या क्रमाने, कारण आजीला घाबरवायचे नाही. श्रोता बघून क्रम बदलणे, याहून वरची लेखनकला मी कुणाला शिकवू शकत नाही. मागावरचा मुलगा मीटरमागे मजुरी का कापली याचा वाद सेठशी घालतो तेव्हा त्याच्या बोलण्यात दावा असतो, पुरावा असतो, समोरच्याच्या संभाव्य उत्तराचा आधीच केलेला बंदोबस्त असतो.

बोलणे आणि लिहिणे एक नव्हे, हे मला कबूल आहे. समोरचा माणूस ‘कोण? कुठे? केव्हा?’ असे टोकतो, कागद टोकत नाही. ते टोकणे स्वतःच्या मनात आणावे लागते आणि त्याला शिक्षण लागते. मी एवढेच म्हणते की शिकवायचे असेल तर हे शिकवा. न दिसणारा वाचक डोळ्यांपुढे उभा करायला शिकवा. आपण मात्र मुलाला ज्याच्यासाठी लिहायला सांगतो तो वाचक तपासनीस असतो. त्याला उत्तर आधीच माहीत असते, त्याला काही पटवायचे नसते, आणि बंडलातली शेकडो उत्तरे संपवायची घाई असते. अशा वाचकासाठी कुणालाही सुसूत्र लिहिण्याचे कारण उरत नाही.

यावर माझे सहकारी दोन आक्षेप घेतील, आणि दोन्ही हलके नाहीत. पहिला गुणांचा. घरातले पहिलेच मूल दहावी होते आहे. त्याला पास व्हायचे आहे, आयटीआयला नंबर लागायला हवा. गाइडने ते पार पडत असेल तर तुम्ही त्याच्या हातातून गाइड का काढता? मी काढत नाही. परीक्षेच्या महिन्यात मीही पाच मुद्दे लिहून घेते, कारण त्या मुलाचे वर्ष माझ्या तत्त्वासाठी वाया घालवायचा मला हक्क नाही. पण गाइड त्याला पास करते म्हणून त्याला लिहिता येते असे समजायचे, आणि पुढे लिहिता येत नाही म्हटल्यावर दोष त्याच्या घराला द्यायचा, हे दोन्ही एकदम चालणार नाही. हाच मुलगा उद्या भरपाईचा अर्ज करील, कामगार कार्यालयात तक्रार देईल, नोकरीसाठी स्वतःविषयी दोन परिच्छेद लिहील. तिथे मुद्द्यांना गुण नाहीत. वाचणाऱ्याला कळले नाही तर कागद बाजूला पडतो, आणि ज्याच्यामागे वकील नाही, ओळख नाही, त्याला दुसरी संधी मिळत नाही. श्रीमंताच्या मुलाचा विस्कळीत अर्ज कुणीतरी दुरुस्त करून देते. नारपोलीच्या मुलाकडे त्याचा परिच्छेद हाच आधार आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. वर्गात साठ-सत्तर मुले, तपासायला वह्यांचा ढीग, शिवाय निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. इतक्या मुलांचे लेखन ओळीओळीने कोण बघणार? तक्रार खरी आहे. म्हणून मी जास्त काम मागत नाही, काम बदलून मागते. सत्रात दहा निबंध लिहून घेण्याऐवजी तीनच घ्या, पण प्रत्येक दोनदा लिहून घ्या. पहिला खर्डा शिक्षकाने तपासूच नये. शेजारच्या बाकावरच्या मुलाने तो मोठ्याने वाचावा आणि जिथे अडेल तिथे समासात ‘का?’, ‘कोण?’, ‘मग पुढे?’ एवढेच लिहावे. आगरी मुलाचा खर्डा तेलुगू मुलीने वाचला तर आणखी चांगले, कारण जे लिहिणाऱ्याला गृहीत आहे ते तिला ठाऊक नसते. ज्या मिसळीला आपण अडचण म्हणतो ती इथे कामी येते. गुण दुसऱ्या खर्ड्याला द्या, तेही ‘का?’ला उत्तर मिळाले की नाही एवढे पाहून.

आणि प्रश्न बदला. ‘स्वच्छतेचे महत्त्व’ असे विचारू नका. ‘तुमच्या गल्लीतले गटार प्रत्येक पावसाळ्यात कुठे आणि कशामुळे तुंबते, हे ज्याने ती गल्ली कधी पाहिली नाही अशा महापालिकेच्या अधिकाऱ्याला समजेल असे लिहा’ असे विचारा. ‘वस्त्रोद्योगाचे महत्त्व’ नको. ‘कापडाचा भाव वाढला तरी तुमच्या वडिलांची मीटरमागची मजुरी का वाढली नाही, हे त्यांना विचारून लिहा, त्यांचे म्हणणे तुम्हाला पटले नसेल तर तेही लिहा’ असे विचारा. अशा उत्तराच्या पट्ट्या कापून मिसळता येणार नाहीत आणि कुठल्याही प्रश्नसंचात ते छापलेले सापडणार नाही. नववीपर्यंतच्या बऱ्याच चाचण्यांचे प्रश्न शाळाच काढते आणि पदवीचे अंतर्गत गुण महाविद्यालयच देते, त्यामुळे याची सुरुवात करायला कुठल्या मंडळाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.